मोबाइलमधली कबड्डी आणि आम्ही तिघं

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. इतर ऑफिसांत चूक झाली की ती कागदावर गप्प पडून राहते. आमच्याकडे चूक पळते, उड्या मारते, कधी कधी भिंतीतून आरपार जाते! आम्ही मोबाइलचे गेम बनवतो. झालेल्या चुकांची एक यादी कॉम्प्युटरवर ठेवलीय: काय बिघडलं, कोणामुळे, दुरुस्त झालं का. जितूने त्यात स्वतःच्या मनाने चौथा रकाना घातला, 'किती हसलो?' आता तोच सगळ्यात जास्त भरलेला असतो.

आम्ही म्हणजे तिघं. जितू मोरिवलीचा, तो कोड लिहितो. हरेश उल्हासनगरचा सिंधी, तो चित्रं काढतो. आधी वडिलांच्या कारखान्यात जीन्सच्या लेबलांची डिझाइन्स करायचा. आणि मी पल्लवी, बदलापूरला खरवईत राहते. हरेशची चित्रं जितूच्या कोडमध्ये बसवून हलती करायची, हे माझं काम. दोघांचं वाजलं की मध्ये पडायचं, हेही माझंच! अंबरनाथ पूर्वेला एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. आणि हे सगळे किस्से आमच्या पहिल्या मोठ्या गेमचे. कबड्डीच्या.

* * *

सुरुवात पळण्यापासून झाली. हरेशने पळणाऱ्या खेळाडूची आठ चित्रं काढली. अशा एकेका चित्राला आम्ही स्प्राइट म्हणतो. आठही झरझर एकामागून एक दाखवली की डोळ्याला वाटतं, गडी पळतोय.

आम्ही श्वास रोखून बटण दाबलं. गडी पळाला. पण लंगडत!

"याला काय लागलंय?" जितू म्हणाला.

"माझी चित्रं बरोबर आहेत. तुझा कोड लंगडा आहे," हरेश म्हणाला.

चूक कुठे आहे ते सांगता येईना, कारण माणूस नेमका कसा पळतो हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं! मग आम्ही बाहेर पॅसेजमध्ये गेलो. दोघं आलटून पालटून पळायचे, मी शूटिंग करायची. चौथ्या फेरीला बिल्डिंगच्या सेक्रेटरीकाकांनी दार उघडलं. हातात दुधाची पिशवी. बराच वेळ बघत राहिले.

"काय चाललंय?"

जितू धापा टाकत, अगदी मनापासून म्हणाला, "काका, पळायचं कसं ते बघतोय."

काकांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सव्वीस-सत्तावीस वर्षांचे घोडे झालात. आत्ता बघताय?"

शूटिंग बघितल्यावर कळलं. हरेशने डावा पाय लागोपाठ दोनदा पुढे काढला होता.

* * *

आता गेमला काही डोळे नसतात. कोण कोणाला शिवलं हे त्याला कळावं म्हणून प्रत्येक खेळाडूभोवती एक न दिसणारी चौकट ठेवायची असते. दोन चौकटी एकमेकींना टेकल्या की गेम म्हणतो, लागला! आउट!

आमच्या गेममध्ये दोन हात लांब उभी असलेली माणसंसुद्धा आउट व्हायला लागली. चढाई करणारा नुसता समोर येऊन उभा राहिला तरी तिघं धडाधड आडवे. कबड्डी कसली, करणी वाटत होती!

जितूने दोन दिवस कोड उलटापालटा केला. तिसऱ्या दिवशी त्याने सहज हरेशची चित्रं उघडली. प्रत्येक खेळाडूच्या चारही बाजूंना चांगली बोटभर मोकळी जागा! चौकट त्या मोकळ्या जागेच्याही बाहेरून बसत होती.

"हे काय आहे रे?"

"मार्जिन," हरेश शांतपणे म्हणाला.

"कशासाठी?"

"अरे साईं, मार्जिन सोडावंच लागतं! नाही सोडलं तर लेबल शिवताना अक्षर आत जातं. माल रिजेक्ट!"

जितूने डोक्याला हात लावला. "अरे पण इथे शिवणार कोण आहे?"

* * *

जितूचे चुलते नामदेवकाका. जवानीत आसपासच्या सगळ्या गावांतली मैदानं त्यांनी गाजवलेली. आता गुडघे कुरकुरतात, पण मोरिवलीत अजून लोक त्यांना 'चढाईवाला नामदेव' म्हणूनच ओळखतात. गेम दाखवायला जितूने त्यांना ऑफिसात आणलं.

हरेशला सगळ्यात जास्त अभिमान होता तो पायाने शिवण्याच्या ॲनिमेशनचा. एका आठवड्याची मेहनत, बारा चित्रं! पाय कसा डौलात उचलला जायचा, कसा लांब व्हायचा, कसा परत यायचा. नामदेवकाकांनी चष्मा वर करून बघितलं.

"ह्यो पायानी मारतंय का पाय दाखवतंय?"

हरेशचा चेहरा पडला. काका उठले. "जितू, ते टेबल सरकव." चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. हरेशला समोर उभं केलं. मी मोबाइल धरला. काकांनी हळू आवाजात कबड्डी-कबड्डी सुरू केलं, खिडकीकडे बघितलं, आणि...

"अडे!" हरेश जागच्या जागी उडाला. गुडघ्याला अंगठा लागून गेला होता!

"पाय दिसला तुला?" काकांनी विचारलं.

"नाही काका."

"मंग चित्रात कशाला दाखवतस?"

हरेशने बारातली नऊ चित्रं स्वतःच्या हाताने उडवली. उरलेली तीन मी बसवली आणि बटण दाबलं. आम्ही तिघं इतक्या जोरात ओरडलो की खालचा झेरॉक्सवाला धावत वर आला. "कोण पास झालं?"

* * *

एक चूक माझी. खेळाडू उभा असला की मांडी थोपटतो, आउट झाला की पडतो, असं ठरलं होतं. मी पडण्याचं ॲनिमेशन लावलं आणि मांडी थोपटण्याचं बंद करायला विसरले. झालं! आउट झालेले गडी मॅटवर आडवे पडून मांड्या थोपटायला लागले.

मला पत्ताच नव्हता. घरी आईच्या हातात फोन दिला, म्हटलं, खेळून बघ. ती न खेळता नुसतीच बघत बसली.

"पल्लवी, हा मुलगा मला आवडला."

"कोणता?"

"हा बघ. आउट झाला, आडवा पडला, तरी हिंमत सोडत नाही. नाहीतर तू! एक पेपर वाईट गेला तर दोन दिवस जेवली नव्हतीस."

मी दुसऱ्या दिवशी चूक दुरुस्त केली. आठवडाभर आई माझ्याशी तुटक बोलत होती. शेवटी म्हणाली, "त्याला का गप्प केलंत?"

* * *

गेम लोकांपर्यंत पोचवायला मोठी कंपनी लागते. खूप मेल पाठवल्यावर एका कंपनीचे साहेब स्वतः अंबरनाथला यायला तयार झाले. आम्ही ऑफिस झाडलं. हरेश इस्त्रीचा शर्ट घालून आला. जितूने आदल्या दिवशी शंभर वेळा गेम खेळून बघितला, स्वतःच्या जुन्या, काच तडकलेल्या फोनवर. एकदम मक्खन!

साहेब आले. म्हणाले, "माझ्याच फोनवर टाका." फोन नवाकोरा, महागडा. साहेबांनी चढाई सुरू केली. गडी सुसाट सुटला, समोरच्या सातही जणांना ओलांडून गेला, मैदानाची भिंत लागली तिच्यातूनही आरपार गेला, आणि स्क्रीनच्या बाहेर गायब!

"माणूस गेला कुठे?" साहेब म्हणाले.

ही एकच भेट होती आमच्या हातात.

जितूने साहेबांचा फोन घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "सर, प्रॉब्लेम असा आहे की तुमचा फोन जरा जास्तच चांगला आहे."

साहेब फिसकन हसले! मग जितूने समजावलं. फोन दर सेकंदाला जितक्या वेळा स्क्रीन नवीन काढतो, तितकी पावलं आमचा गडी टाकत होता. जुन्या फोनवर कमी, नव्यावर दुप्पट. आणि इतक्या वेगात एका पावलात तो भिंतीच्या अलीकडून थेट पलीकडे पोचायचा, त्यामुळे भिंत लागली हे गेमला कळायचंच नाही.

"दुरुस्त करायला किती वेळ लागेल?"

"दोन चहा, सर."

साहेब खरंच थांबले. दुसरा चहा संपायच्या आत गडी भिंतीला आपटून परत आला. साहेब उठले, जितूच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "घेतला."

ते जिना उतरेपर्यंत आम्ही कसेबसे गप्प राहिलो. मग काय विचारता!

* * *

हरेशच्या पप्पांना आमचं काम मान्य नव्हतं. 'एक वर्ष बघ, नाही जमलं तर कारखान्यात परत ये' असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. वर्ष संपायच्या सुमारास ते न सांगता ऑफिसात हजर झाले. पाणीही घेतलं नाही. "दिखाओ."

हरेशने गेम सुरू केला. पप्पांनी तीन सेकंद बघितलं.

"बेटा, नंबर उलटा छपा है."

आम्ही स्क्रीनला नाकं लावली. बाप रे! खेळाडू उजवीकडे पळताना पाठीवर सात नंबर सरळ. डावीकडे वळला की आरशातल्यासारखा उलटा! खेळाडूची डावी बाजू वेगळी काढायचा कंटाळा, म्हणून आम्ही उजवीकडचंच चित्र उलटं फिरवून वापरलं होतं. एवढे महिने आम्ही तिघं, नामदेवकाका, साहेब, कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. लेबलवाल्या माणसाने तीन सेकंदांत पकडलं!

"पूरा लॉट रिजेक्ट," पप्पा म्हणाले. पण खुर्ची ओढून बसले. "और दिखाओ. सब चेक करना पड़ेगा."

संध्याकाळपर्यंत बसले. शॉर्टची शिलाई, कॉलर, पट्टे, सगळं तपासलं. जाताना हरेशच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "अगले हफ्ते फिर आता हूँ." कारखान्याचा विषय त्यानंतर निघालाच नाही.

नंबरावर जितूने पाच मिनिटांत तोडगा काढला. उलटा केला तरी सरळच दिसणारा इंग्रजी आकडा शोधला आणि सगळ्यांना तोच दिला. नामदेवकाकांनी फोन करून विचारलं, "जितू, आखा संघ आठ नंबर? पंच आउट कोनाला देनार?"

* * *

गेम बाहेर आल्यावर खरवईतली रूपाली ऑफिसात आली. कॉलेजात शिकते, मुलींच्या संघाची कॅप्टन. तिने सरळ विचारलं, "ताई, तुमच्या गेममध्ये आम्ही कुठे आहोत?"

मग हरेशने मुलींचा संघ काढायला घेतला. रूपालीचीच लांब वेणी बघून चढाई करणारीला तशीच वेणी दिली. आणि भांडण पेटलं! वेणीला चौकट द्यायची की नाही? जितू म्हणे, नको. हरेश म्हणे, हवी. शेवटी रूपालीलाच विचारलं.

"वेणी लागली तरी समोरची आउटच. माझ्या अंगाचाच भाग आहे ना!" ती म्हणाली. "फक्त पंचांना दिसलं पाहिजे, नाहीतर वाद होतात. म्हणून तर आम्ही ती वर बांधून खेळतो."

वेणीला तिची स्वतःची छोटी चौकट मिळाली.

त्याच महिन्यात बदलापूरला रूपालीच्या संघाची फायनल होती. तिने बोलावलं म्हणून तिघंही गेलो. काय मॅच झाली! माझा आवाज बसला, हरेशने आरडाओरडा करून शेजारच्या आजोबांशी दोस्ती केली. शेवटची चढाई आली, गुण बरोबरीत. रूपाली आत शिरली. समोर चौघी.

एकीने झेप घेतली, रूपाली वाकून निसटली. तेवढ्यात तिची बांधलेली वेणी सुटली. दुसरी आली. रूपालीने जागेवर गिरकी घेतली आणि उडी मारून मध्यरेषा गाठली. हात कोणाला लागला नव्हता, पाय लागला नव्हता. पंचांनी मान हलवली. गुण नाही. रूपालीनेही गुण मागितला नाही, कारण तिलाही काही जाणवलं नव्हतं. ती गुडघ्यांवर हात ठेवून नुसती धापा टाकत उभी होती.

आणि समोरच्या संघातल्या कोपऱ्यातल्या एका बारीकशा मुलीने हात वर केला.

"सर, मला लागली."

"काय लागली?"

"वेणी. इथे, खांद्याला."

तिची कॅप्टन तिच्याकडे बघतच राहिली. पंच तिच्याजवळ गेले. "नक्की?"

"हो सर."

शिट्टी वाजली. पंचांनी रूपालीच्या बाजूला हात केला आणि जो काही कल्ला झाला म्हणता! रूपालीच्या मैत्रिणी तिच्याकडे धावल्या, पण ती त्यांच्यातून वाट काढत सरळ त्या मुलीकडे गेली. दोघी काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग रूपाली धावत आमच्याकडे आली, घामाने भिजलेली, अर्धी हसत, अर्धी रडत.

"हरेशदादा, ती बघितली ना? तिलाही गेममध्ये टाका!"

"टाकतो ना," हरेश म्हणाला. मग त्याने जितूकडे बघितलं. "पण तिच्या त्या वर केलेल्या हाताला बटण कुठलं द्यायचं रे?"