सरांनी नाकारलेलं तळं

दगड हातात घेण्याआधी सर खिशातून रुमाल काढायचे. बोटांना धूळ लागू नये म्हणून. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात ते भूगर्भशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखालचा मास्तर. आयुष्यभर जमिनीचं पोट शिकवणाऱ्या या माणसाचे बूट कायम चकचकीत असत. यातच सगळं आलं.

"जिल्हाभर बेसाल्ट. बाकी सगळा मुरूम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सहलीत ते जीपमधून उतरत नसत. काचेतूनच खडक ओळखत. चुकीचा ओळखला तरी खडक उलट बोलत नसे, पोरंही बोलत नसत. असे प्राध्यापक तुम्हीही पाहिले असतील.

उलट बोलली ती एकच मुलगी. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरची, शेवटच्या वर्षाला होती. घरच्या नव्या विहिरीतून तिनं पांढरट, पापुद्र्यांचा दगड आणला. त्यात हरभऱ्याएवढे शंख होते.

"सर, वर काळा दगड, खाली काळा दगड, मधी हे. तितं तळं असणार की. एक लाव्हा थंड झाला, खोलगटात पाणी साचलं, गाळ बसत गेला. मग दुसरा लाव्हा वर आला. मला यावरच प्रकल्प करायचाय."

"ओढ्यातला गाळ आहे तो," सर म्हणाले. "शेळ्या राखणाऱ्यांनी आम्हाला लाव्हा शिकवू नये."

वर्ग हसला. मीही हसलो. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. महिन्याभरात मुलीनं कॉलेज सोडलं.

सर आता नाहीत. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडे आहे, म्हणून सांगतो.

निवृत्तीनंतर एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. बाहेरच्या कुणीतरी सांगोल्याकडच्याच दुसऱ्या एका विहिरीत तसाच थर शोधून लेख छापला होता. लेख सरांच्या हातात होता.

"त्या मुलीच्या विहिरीवर चल."

लेखात खोड काढायलाच निघालेत, असं मला वाटलं. गेलो, तर विहीर आतून बांधून काढलेली, थर झाकलेला. मुलीचे वडील म्हणाले, "पांढरा दगड व्हय? उपसून बांधावर टाकलाय की. बघा जावा."

सर बांधावर मातीत बसले आणि घराच्या किल्लीनं पापुद्रे सोडवू लागले. बसू दे उन्हात, मी मनात म्हटलं. दुपार कलल्यावर एक पापुद्रा सुटला. आत शंखच शंख.

"तळंच आहे," ते पुटपुटले. मग वडिलांना म्हणाले, "तिला फोन लावता?"

ती सोलापूरजवळच्या कुंभारीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. वडिलांनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून सरांच्या हातात दिला.

"मी चुकलो, बाळ. तुझं बरोबर होतं."



"मला म्हाईत होतं, सर. तवाच," ती म्हणाली. "आबांना फोन द्या. जेवले का इचारायचंय."

सरांनी फोन वडिलांकडे दिला. बापलेकीचं बोलणं संपलं, वडील मेंढरांकडे निघून गेले, तरी सर बांधावरून उठले नाहीत.