चिठ्ठीतली शेवटची ओळ

तिला सगळे खळबाई म्हणायचे. अगदी तोंडावरसुद्धा. इस्पितळाच्या धुलाईखान्यात सव्वीस वर्षं चादरींना इस्त्री करून तिच्या हाताला असा गुण आला होता की तिने घडी घातलेली चादर टेबलावर उभी केली तर उभीच राहील, असं तिथल्या बायका सांगायच्या. स्वभावही तसाच, खळ घातल्यासारखा. नवरा गेला तेव्हा ही चौथ्या दिवशी कामावर हजर. मुकादम म्हणाला, "अहो बाई, बसायचं ना घरी आठवडाभर!" तर म्हणाली, "मी घरी बसले म्हणून तो परत येणार आहे का? चादरी तरी होतील." आता अशा बाईशी कोण आणि काय बोलणार!

देवाच्या बाबतीत मात्र ती मऊ होती. म्हणजे तिच्या मानाने मऊ. चर्चच्या वेदीवरची कापडं धुऊन, इस्त्री करून द्यायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस ती एकदाच जेवायची, आणि शेवटचा आठवडा लागला की तिचे ओठ थांबायचे नाहीत. चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं जोडीदारणीच्या, आणि मधे हिची प्रार्थना चाललेली. "अगं, देवाला जरा श्वास तरी घेऊ दे," जोडीदारीण म्हणायची.

त्या चर्चमध्ये एक रीत होती, पूर्वीच्या कुणा फादरांनी घालून दिलेली. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी दारापाशी एक लाकडी पेटी ठेवायची. ज्याला जे देवाकडे मागायचं असेल ते त्याने चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, आणि आत टाकायचं. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली की जाताना प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि शनिवारपर्यंत ते मागणं आपलंच समजून मागायचं. शब्द बदलायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. शनिवारी संध्याकाळी अंगणात आग पेटवतात, तिच्यात चिठ्ठी टाकली की आपण मोकळे. बहुतेक चिठ्ठ्यांत काय असणार? गुडघे, जावयाची दारू, मुलाची नोकरी. एका वर्षी खळबाईच्या वाट्याला 'माझ्या जाऊबाईची जीभ आखूड कर' अशी चिठ्ठी आली होती. तिने सहा दिवस मनापासून मागितलं. कुणाच्या जाऊबाईची जीभ आखूड झाल्याचं काही कानावर आलं नाही, पण हिने आपल्याकडून कसर ठेवली नव्हती.

यंदाची चिठ्ठी तिने घरी येऊन, चष्मा लावून वाचली. तीन ओळी होत्या.

'माझी मुलगी ज्याच्या गाडीखाली गेली तो सुटू नये. जे खरं घडलं ते कोर्टात येऊ दे. त्याच्या आईला माझ्यासारखं रिकाम्या घरात बसू दे.'

ती ओट्याला टेकून खाली बसली. चिठ्ठीतली 'त्याची आई' म्हणजे हीच. लिहिणारी फुलवाली, दुसरं कोण असणार! वेदीवर फुलं रचणारी बाई ती. वीस वर्षं दोघी एका बाकावर बसल्या होत्या, एकीने कापड अंथरायचं, दुसरीने त्यावर फुलदाणी ठेवायची. गेल्या वर्षापासून फुलवाली पलीकडच्या रांगेत बसत होती.

घडलं ते असं. खळबाईचा एकुलता एक मुलगा मालाची गाडी चालवायचा. त्या दिवशी तो दोन पाळ्या करून पहाटे साडेतीनला घरी आला आणि बुटांसकट पलंगावर पडला. पाचला कंपनीचा फोन वाजला. एक ड्रायव्हर आला नव्हता. फोन हिने घेतला आणि हिनेच सांगून टाकलं, येतोय तो. मग त्याला गदागदा हलवून उठवलं. "आई, डोळे उघडत नाहीयेत गं," तो म्हणाला. ही म्हणाली, "पाणी मार तोंडावर. नाही म्हटलंस तर उद्यापासून ते दुसऱ्याला बोलावतील." साडेसहाला बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचा डोळा लागला, गाडी फुटपाथवर चढली, आणि फुलांची टोपली घेऊन उभी असलेली फुलवालीची एकोणीस वर्षांची मुलगी जागच्या जागी गेली.

वकिलाने पुढे विचारलं, "मुलगा रात्री नीट झोपला होता ना? ब्रेक लागला नाही असं आपलं म्हणणं आहे. आदल्या रात्रीच्या पाळीची नोंद कंपनीने गाळलीय, तेव्हा तुमच्या शब्दावर सगळं आहे." खळबाई म्हणाली, "झोपला होता. चांगला आठ तास." जन्मात खोटं न बोललेली बाई, आणि बोलली तर हे बोलली. मुलगा जामिनावर घरी होता. ईस्टरनंतरच्या मंगळवारी तिला कोर्टात उभं राहून तेच पुन्हा सांगायचं होतं. तिने ते सांगितलं की तो सुटणार, हे वकिलाने जवळजवळ लिहूनच दिलं होतं.

आणि आता हातात ही चिठ्ठी.

सोमवारी तिने इस्त्रीच्या टेबलाशी सुरुवात केली. पहिली ओळ कशीबशी म्हटली. दुसरीला जीभ अडखळली. तिसरीला तर तोंड मिटलंच. मंगळवारी तिने लबाडी केली, स्वतःचीच प्रार्थना म्हटली: माझ्या लेकराला वाचव. पण रीत ती रीत. आपण आपलं मागणं पेटीत टाकलं, ते कुणीतरी आत्ता इमानाने मागत असेल, आणि आपण मात्र दुसरीचं मागणं खिशात घालून बसलोय, हे तिला सोसवेना. चादरीची कड जळाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. जोडीदारीण बघतच राहिली. "काय गं, तब्येत बरी आहे ना?" हिने दुसरी चादर ओढली.

बुधवारी ती फादरांकडे गेली. "फादर, चिठ्ठी बदलून मिळेल का?"

"अहो, ही काय बाजारातली भाजी आहे का, शिळी निघाली म्हणून परत करायला!" फादर हसले. मग तिचा चेहरा पाहून म्हणाले, "काय लिहिलंय ते मी विचारत नाही. पण तुमच्याने मागवत नसेल, तर का मागवत नाही ते आधी बघा."

का मागवत नाही ते तिला पुरतं ठाऊक होतं. खरं काय ते कोर्टात येऊ दे म्हणून देवाला साकडं घालायचं, आणि ते खरं स्वतःच तोंडात दाबून धरायचं! देवाने तरी काय करावं? तिला स्वतःची शिसारी आली.

पवित्र गुरुवारी मिस्सेनंतर वेदी उघडी करतात. कापडं, मेणबत्त्या, सगळं उचलतात, आणि शनिवारपर्यंत घंटाही वाजत नाही. कापडांचं गाठोडं घेऊन ती घरी आली. मुलगा जेवून बसला होता. हल्ली तो बाहेर जात नसे.

"मंगळवारी मी खरं सांगणार आहे," ती म्हणाली.

त्याने ताट बाजूला सारलं. "तुला माहितीय ना, मग मी आत जाईन?"

"माहितीय."

"मग आत्ता कशाला सांगतेस? तेव्हाच सांगायचं होतंस. वर्षभर मला आशेला लावलंस, आई." त्याचा आवाज चढला. "पहाटे मला उठवलंस तेव्हाही तुझंच खरं, आणि आता आत घालतानाही तुझंच खरं!" तो उठला आणि खोलीचं दार लावून घेतलं. आतून त्याच्या रडण्याचा आवाज आला. दारावर हात ठेवायची हिंमत तिला झाली नाही.

शुक्रवारी दुपारी तीनला क्रुसाचं चुंबन घ्यायला रांग लागली. मूर्तींवर जांभळी कापडं, वेदी उघडी, घंटेच्या जागी लाकडी टाळीचा खट खट आवाज. खळबाई मुद्दाम फुलवालीच्या मागे उभी राहिली. चिठ्ठीबद्दल अक्षर काढायचं नाही हे तिने ठरवलं होतं. पण बाकीचं सांगायचं होतं. आणि खोटं कशाला बोला, कुठेतरी तिला वाटत होतं की ही आपला हात धरेल. निदान एकदा आपल्याकडे बघेल.

"ऐक," ती हळूच म्हणाली. "माझा मुलगा त्या दिवशी झोपला नव्हता. दीड तास झोपला असेल. मीच त्याला ओढून उठवलं आणि पाठवलं. आठ तास झोपला हे मी खोटं सांगितलं. मंगळवारी कोर्टात खरं सांगते."

फुलवालीने मागे वळून पाहिलं नाही. रांग दोन पावलं सरकली. दोघीही सरकल्या.

"सांग," फुलवाली म्हणाली. आवाज कोरडा होता. "तुझं बरंय. तुला सांगायला कोर्ट तरी आहे."

"म्हणजे?"

"माझ्या पोरीलाही त्या दिवशी मीच उठवलं. अंगात कणकण होती तिच्या. म्हणाली, आई, आज बाजारात तू जा ना. मी म्हटलं, नखरे पुरे झाले. तिच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढलं मी. मी कुठे जाऊन सांगू?"

लाकडी टाळी वाजली. फुलवाली पुढे झाली, गुडघे टेकले, क्रुसाच्या पायांना ओठ लावले आणि उठून भिंतीच्या कडेने निघून गेली. खळबाईच्या हाताला तिचा हात लागलासुद्धा नाही.

मग खळबाईने गुडघे टेकले. लाकूड गार होतं. तिने चिठ्ठीतलं मागणं म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला ती थांबली नाही. त्याच्या आईला माझ्यासारखं रिकाम्या घरात बसू दे. एकही शब्द न गाळता तिने ते मागितलं, आमेन म्हणाली, आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.

मंगळवारी तिने कोर्टात सगळं सांगितलं. तिच्यामागून मुलानेही कबूल केलं. महिन्याभराने त्याला चार वर्षांची शिक्षा झाली.