होडी थांबते ती जागा

माझा धाकटा दीर समुद्रात गेला तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोघे भाऊ लाकडी होडी घेऊन मासेमारीला गेले होते. निवतीच्या दीपगृहाच्या अलीकडे पाण्याखाली खडप आहे, खडकांची रांग, तिथे वारा एकाएकी फिरला आणि होडी उलटून बुडाली. मागून येणाऱ्या होडीवाल्यांनी माझ्या नवऱ्याला बाहेर काढलं. दीर मिळाला नाही. माणसं किनाऱ्याकिनाऱ्याने शोधत फिरली. माझं माहेर शिरोड्याचं, तिथेही माझे वडील आणि चुलते भरतीनंतर रोज वाळूवर जाऊन बघत होते. शेवटी दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी दिला.

त्यानंतर आमच्या घरात त्याचं नाव निघालं नाही. नवऱ्याने फायबरची होडी घेतली. किनाऱ्याजवळ लहान जाळी मारायची म्हणून तो एकटाच जाऊ लागला. मी पर्यटकांसाठी मागच्या दोन खोल्या काढल्या. आमच्या देवबागात घराच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. कुठूनही पाणी ऐकू येतं. दिराची खोली आम्ही पाहुण्यांना कधी दिली नाही. तिथे जाळी ठेवतो, असं मी सांगायची, आणि जाळी खरंच तिथे ठेवायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका कंपनीचा माणूस गावात आला. पुण्याकडचा असावा, बोलायला गोड. त्याच्याकडे डब्याच्या झाकणाएवढं पांढरं यंत्र होतं. ते होडीच्या उभ्या काठीवर बसवायचं. किनारा सोडून थोडं आत गेलं की आमच्या फोनला रेंज नसते, पण हे यंत्र थेट उपग्रहाशी बोलतं, असं त्याने सांगितलं. होडी कुठे आहे ते घरच्या फोनवर ठिपक्यासारखं दिसणार. संकट आलं तर एक बटण दाबायचं. शिवाय मासे कुठे मिळतील तेही त्याच फोनवर कळणार. पहिला हंगाम सगळं फुकट होतं. फोनवर इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलं, त्याच्याखाली त्याने बोट दाखवलं, तिथे नवऱ्याने दाबलं. दुसऱ्या होडीवाल्यांनीही तसंच केलं.

मला त्या यंत्राचा किती आधार वाटला ते सांगून कळणार नाही. माझी आई वडिलांची होडी दिसेपर्यंत शिरोड्याच्या वाळूवर डोळ्यांवर हात आडवा धरून उभी राहायची, ते मी लहानपणी बघितलेलं. आता मी पहाटे उठून चुलीवर पाणी ठेवायची, पाहुण्यांच्या घावनांचं पीठ ढवळायची आणि मधेमधे फोन बघायची. निळ्या पडद्यावर आमचा ठिपका हळूहळू सरकत असायचा. तो सरकतोय म्हणजे माणूस जिवंत आहे. एवढं मला पुरे होतं.

पण काही दिवसांत माझ्या लक्षात आलं की परत येताना ठिपका एका जागी थांबतो. जाळी काढून झालेली असायची, होडी घराकडे वळलेली असायची, आणि निवतीच्या अलीकडे ती थांबायची. पहिल्यांदा मला वाटलं इंजीन बिघडलं. घावन तव्यावर करपला तरी मी फोनकडेच बघत राहिले. मग ठिपका पुन्हा हलला. दुसऱ्या दिवशी तसंच. त्याच्या पुढच्या दिवशीही. बोटांनी नकाशा मोठा करून बघितल्यावर मला ती जागा कळली. मी तिथे कधी गेलेली नव्हते, पण जागा कोणती ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

नवरा घरी आला, पाय धुतले, चहा प्यायला, कोणता मासा किती मिळाला ते बोलला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतकी वर्षं हा माणूस रोज तिथे थांबून येत होता आणि मग माझ्यासमोर बसून चहा पीत होता. तिथे तो काय करतो? नुसता बसतो? काही बोलतो? मला विचारावंसं वाटलं आणि विचारता आलं नाही. त्याने दार लावून घेतलेल्या खोलीत मी भिंतीतून बघत होते, असं मला वाटलं. तरी दुसऱ्या पहाटे मी फोन उघडलाच. ठिपका थांबला की मीही हातातलं काम थांबवायची. तो हलला की मी हलायची. त्याला माहीत नसताना मी त्याच्याबरोबर तिथे जाऊन येत होते.

दिवाळीनंतर त्या जागेवर एक छोटा मासा दिसला. खरा मासा नव्हे. फोनवर जिथे मासे मिळतील असं यंत्राला वाटतं तिथे निळ्या माशाचं चित्र येतं. गावात सगळे त्या चित्रांकडे बघून होडी वळवायला लागले होते. आता तसंच चित्र बरोबर त्या खडपावर आलं होतं. आधी मला उलगडेना. मग समजलं. होडी रोज एका जागी थांबते, म्हणजे तिथे मासे आहेत, असं वर कुठेतरी धरलं गेलं होतं. माणूस भावासाठी थांबतो, हे उपग्रहाला कसं कळणार? त्याला होडीचा वेग कळतो. वेग शून्य झाला की त्याच्या लेखी तिथे जाळी पडली.

आठवडाभरात तिथे दुसऱ्यांचे ठिपके गोळा झाले. कोणाची होडी कोणती ते आम्हाला दिसत नाही, सगळे ठिपके सारखेच, फक्त आपला तेवढा लाल. एका सकाळी आमचा लाल ठिपका त्या जागेजवळ गेला, लांबच थबकला आणि फिरून घरी आला. नवरा आला तो चहा न पिताच जाळी निवडायला बसला. जाळ्यात निवडण्यासारखं काही नव्हतं.

मग निवतीकडचा एक वयस्क तांडेल आमच्या घरी आला. स्वतःची होडी चालवणारा, माझ्या नवऱ्याला लांबून ओळखणारा माणूस. पडवीत बसला, पाणी प्यायला. त्याचा सूर भांडणाचा नव्हता, पण तो कातावला होता. फोनवर मासा दिसला म्हणून त्याने खडपाजवळ जाळं टाकलं होतं.

"थंय मासो नाय," तो म्हणाला. "खाली लाकूड आसा कायतरी. माझां जाळां फाटलां. तुमी थंय थांबतास ता मी बघलंय, म्हणान विचारूक इलंय. काय आसा थंय?"

मी चहा घेऊन दारात उभी होते. नवरा खाली बघत होता. मला वाटलं तो काही तरी सांगून वेळ मारून नेईल.

"ती आमची होडी," तो म्हणाला. "थंय माझो भाव आसा."

तांडेलाने कप हातात घेतला होता, तो तसाच खाली ठेवला. माका म्हायत नव्हता, एवढंच म्हणाला. जाताना तांडेलाने आपण चारचौघांना सांगतो, तिथे कोणी जाळं टाकणार नाही, असं कबूल केलं. त्याने शब्द पाळला. आमच्या आणि त्याच्या गावातल्या होड्या तिथून बाजूने जाऊ लागल्या. पण फोनवरचा मासा जाईना, कारण तो सगळ्यांच्या फोनवर होता. लांबच्या बंदरातले, आम्हाला न ओळखणारे लोक तिथे येत राहिले. त्यांना कोण सांगणार आणि काय सांगणार?

नवऱ्याने कंपनीच्या माणसाला बोलावून घेतलं. तो आला, पडवीत बसला, लॅपटॉप उघडला. मासा तिथून काढून टाक, असं नवऱ्याने सांगितलं. तो म्हणाला की तसं करता येत नाही, चित्र कोणी हाताने काढत नाही, सगळ्या होड्यांच्या हालचालींवरून ते आपोआप तयार होतं. मग समजूत घातल्यासारखं म्हणाला, "काका, त्यात तुमचं नाव कुठेच नाहीये. तुम्ही निर्धास्त राहा."

"नावाचा काय करूचा आसा?" नवरा म्हणाला. "थंय मासे नाय, इतक्या लिव."

तेही लिहिता येत नव्हतं. होड्या थांबायच्या बंद झाल्या की चित्र आपोआप पुसट होईल, एवढं त्याने सांगितलं. मग बॅग भरता भरता माझ्याकडे बघून हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला वाटलं तो माझं कौतुक करतोय. "वहिनींना विचारा ना," तो म्हणाला. "या घरातून रोज पहाटे ॲप उघडलं जातं आणि तीच जागा मोठी करून बघितली जाते. आम्हाला दिसतं ते."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात रिकाम्या कपांचा ट्रे होता. भिंतीतून बघणाऱ्या मला मागून आणखी कोणी बघत होतं, हे मला त्या क्षणी कळलं. पहाटेची चूल, माझी दोन बोटं, नकाशा मोठा करणं, यातलं काहीच फक्त माझं नव्हतं.

माणूस गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "तुका म्हायत होता?"

मी हो म्हटलं.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. उठून होडीवर गेला आणि काठीवरचं यंत्र काढून घेऊन आला. ते त्याने दिराच्या खोलीत जाळ्यांवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो समुद्रात आणि फोनवर लाल ठिपका आमच्या घरात. मी चुलीजवळ, तो ठिपका माझ्यापासून दोन भिंतींपलीकडे, दिराच्या खोलीत. त्या दिवसांत मला त्या बंद दाराकडे बघवत नसे. आत कोणीतरी येऊन बसलंय असं वाटायचं.

आणि नेमका एक दिवस वारा उठला. ढग नव्हते, नुसता वारा. होड्या एकेक करून खाडीत शिरल्या, आमची येईना. शेजारणी विचारायला आल्या, तुमची होडी कुठे दिसते? मी फोन दाखवला. घरीच दिसत होती. एक जण हायसं वाटून म्हणाली, मग पोचले की. मी माझ्या आईसारखी वाळूवर जाऊन उभी राहिले. दुपार कलल्यावर होडी कर्ली खाडीच्या मुखातून आत आली. नवरा नखशिखांत भिजलेला, ओठ पांढरे पडलेले. संध्याकाळी त्याने खोलीतून यंत्र काढलं आणि होडीवर परत बसवलं. मी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर त्याने तिथे थांबायचं सोडून दिलं. होड्या थांबल्या नाहीत तरच मासा जाणार होता, आणि पहिला थांबणारा तोच होता. मी फोनवर बघत होते. आमचा ठिपका निवतीकडून यायचा आणि त्या जागेवरून सरळ निघून जायचा. इंजीन जरा हळू केलं तरी त्याची नोंद होईल म्हणून तो भरवेगाने जायचा. मागे बघतो की नाही, ते ठिपक्यावरून कळत नाही. बाहेरच्या होड्याही हळूहळू कमी झाल्या, कारण तिथे मासे नव्हतेच. उन्हाळ्यात तो मासा पुसट झाला आणि एक दिवस दिसेनासा झाला. जिंकल्यासारखं आम्हाला काही वाटलं नाही.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या होत्या. कोणी समुद्रात नव्हतं. एका सकाळी सवयीने मी फोन उघडला आणि त्या खडपावर मासा होता. दिवसभर तो तसाच राहिला, दुसऱ्या दिवशी गेला. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, जुनी माहिती पुन्हा वाचली गेली असेल, असं कधी कधी होतं. असेलही. मी नवऱ्याला सांगितलं नाही, पण जेवताना त्याचा घास हातातच राहिला आणि माझ्याकडे बघून तो म्हणाला, "मीय बघलंय."

त्या पावसातल्याच एका दुपारी पडवीत जाळं विणताना त्याचे हात थांबले. पाहुणे नव्हते, घरात आम्ही दोघंच. पागोळ्यांचा आवाज येत होता. त्याने बाकावरच्या माझ्या फोनकडे बोट दाखवलं.

"तो आत ठेवन ये गो," तो म्हणाला. "माझोय."

मी दोन्ही फोन मधल्या घरात नेऊन ठेवले, दार ओढून घेतलं आणि त्याच्यासमोर खाली बसले. त्याने जाळं बाजूला सारलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने भावाचं नाव घेतलं, आणि त्या दिवशी वारा फिरला तेव्हा सुकाणूवर कोण होतं, तिथून सांगायला सुरुवात केली.