जावयाला पालेभाजी कोण वाढतं?

आमच्या ह्यांच्या लेखी भाजी म्हणजे बटाटा, बाकी सगळं गाईचं खाद्य. डॉक्टर म्हणाले, "साखर काठावर आहे. रोज भाज्या वाढवा, नाहीतर गोळ्या सुरू." सासऱ्यांचा पाय साखरेनंच गेला होता, म्हणून मी घाबरले. हे मात्र निवांत. म्हटलं, चला माझ्या माहेरी, मळ्यातली ताजी भाजी तोंडाला चव आणेल.

थंडीतल्या एका शनिवारी पुण्याहून शिरूरची एसटी पकडली. शंभराच्या नोटेत दोघांचं तिकीट झालं. शिरूरला बस बदलून न्हावरं, माझं माहेर. उसाच्या ट्रॅक्टरमागे एसटी अडकली की घड्याळ बघू नये, हा माझा अनुभवाचा सल्ला. दादाच्या रानात मेथी, मुळे, कांद्याची पात बघून माझ्या डोळ्यांचं पारणं फिटलं. ताटात मात्र कोंबडी!

"वहिनी, मेथी कुठाय?"

"काय बोलता वन्सं! जावयाला पाला वाढू व्हय?"

ह्यांनी माझ्याकडे बघत दुसरी तंगडी उचलली. सकाळच्या पोह्यांतही बटाटा निघाला. नशीब बघा एकेकाचं!

रविवारी दादाची मोटारसायकल घेतली आणि भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात, राहूला मामांकडे गेलो. दुतर्फा ऊस, मध्ये खड्डे. पाठीचं दुखणं असेल तर जीपनं जा. मामींनी मटण रटरटत ठेवलेलं. मागच्या पडवीत मात्र टोपलीखाली बाजरीची भाकरी, चंदनबटव्याच्या पाल्याचं, डाळ घालून घोटलेलं गरगटं आणि पातीचा झुणका झाकलेला दिसला.

"मामी, ह्यांना हेच वाढा ना."

"त्ये आमचं घरच्यांचं हाय गं. पाव्हण्याला दिलं तर लोक तोंडात शेण घालत्याल."

माझा संयम सुटला. "मामी, ह्यांच्या वडलांचा पाय कापावा लागला. आता ह्यांचा जायची वाट बघू का?"

हे तोवर जेवायला बसलेही होते. मामी उठल्या आणि त्यांनी जावयापुढचं मटणाचं ताट सरळ उचललं. "आजपासनं तुम्ही पाव्हणं न्हाई, घरचं. गपगुमान खावा."

सासुरवाडीत असा दम ह्यांना पहिल्यांदाच मिळाला. आधी बोटभर गरगटं गेलं, मग वाटीभर. "बरंय," म्हणाले. ह्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

मामींची रीत सोपी आहे. डाळ शिजताना त्यात मूठभर पाला टाकायचा, पिठलं पातीशिवाय करायचं नाही, आणि ताटात मुळा-काकडी आधी, भाकरी मागून. वेगळी भाजी करायला वेळ नाही, ही सबब तिथेच संपते.

पुण्यात ही रीत टिकली, कुरकुरीसकट. मेथीच्या दिवशी ह्यांचा चेहरा अजून सुतकी असतो. पण गोळ्या तूर्त लांबल्यात आणि मला शांत झोप लागते.

परवा मामींचा फोन आला. "संक्रांतीला येताय न्हवं? जावयाला काय करू?" मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

"मामी, कोण जावई? मी घरचाच येतोय."