पाणी किती पितोस?

"कुठं शेण खाल्लंस रे?"

डॉक्टरनं भर दवाखान्यात इचारलं. मंगळवार पेठेतला दवाखाना. बाकड्यांवर माणसं दाटून बसलेली. बाया, पोरं, म्हातारी. माझ्या बाजूला माझी बायको उभी. तपासायच्या खाटंला पडदा हुता. पण त्यो आमच्यासाठी ओढायचा नसतो.

मी एवढंच सांगितलं हुतं की लघवीला जळजळ हुतीया, थेंब थेंब हुतीया, कंबरंतनं कळ येतीया. त्यानं आधी आडनाव इचारलं. मग ऱ्हायला कुठं ते इचारलं. आमच्या वस्तीचं नाव ऐकलं आन खुर्ची मागं सरकवली. नाडी धरली न्हाय, पोट दाबलं न्हाय. लांबनंच रोग कळला बाबाला.

"तुमच्या वस्तीत हेच चालतं. बायांचा नाद. आता बायकोलाही देशील."

एक म्हातारा फिदीफिदी हसला. एका बाईनं पोरगं जवळ ओढलं. फौंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतणारा मी गडी, तरी माझी मान आपोआप खाली गेली. आमची मान खाली घालायला कुणाला शिकवावं लागत न्हाय. कंपाउंडरनं गोळ्यांची पुडी टेबलावरनं ढकलली. ती मी उचलली न्हाय.

वाटेनं बायको चार पावलं पुढं चालली. घरात आल्यावर दार लावलं आन म्हणाली, "खरं सांगा. गेलतासा कुठं?"

"न्हाय गं. पोरांची शपथ."

"मग तवा का बोलला न्हाईसा?"

त्या दिसापास्नं तिनं अंथरूण चुलीकडं नेलं. ताट सरकवायची, बोलायची न्हाय. लगीन झाल्यापास्नं ह्या बाईनं माझ्यावर कधी संशय घेतला नव्हता. त्या माणसानं एका वाक्यात माझा संसार फाडला, आन त्याला त्याचं काय बी न्हाय.

बातमी फौंड्रीत पोचली. "काय राव, लई रंगेल निघालासा की!" टाळ्या काय, शिट्ट्या काय. भिताडाकडंला लघवीला उभा ऱ्हायलो की मागनं कुणीतरी वरडायचं, "आटप की, का कुणाची आठवण काढतोस?" मी टॉवेल दातात धरून उभा. कळ अशी की डोळ्यापुढं अंधारी. वरडायची सोय न्हाय.

माझा चुलता तेवढा मायेनं बोलला. "उन्हाळी लागलीया. धनं-जिरं भिजवून पी. आन हे बघ, गड्यानं मुताचं गाऱ्हाणं चारचौघांत सांगायचं नसतं." त्याला सोताला रात रात लघवी हुईत नव्हती, हे मला ठावं हुतं. त्यो बी कुणाला सांगत नव्हता. आमच्या वस्तीतली निम्मी माणसं अशीच कुथत जगत हुती आन मिशीला पीळ भरत हुती.

मग एक दिस लाल झाली. मोरीत निस्तं रगात. पाणी ओतून धुवत हुतो, तवर बायको मागं येऊन उभी ऱ्हायली. तिनं मोरी बघितली, माझं तोंड बघितलं. पदरानं हात पुसला आन म्हणाली, "चला. सरकारी दवाखान्यात. मी संगं येते."

तिथला डॉक्टर तरणा पोरगा. केसपेपरवरचं आडनाव वाचलं आन त्यानं बी तीच गाडी त्याच रुळावर घातली. "बाहेरचा काही नाद—"

मी त्याला मधीच तोडलं.

"न्हाय! नाद न्हाय. मुताला रगात पडतंय माझ्या. आधी तपासा, मग काय इचारायचं ते इचारा. आन आधी त्यो पडदा ओढा."

एवढ्या मोठ्यानं मी जन्मात कुणा सायबापुढं बोललो नव्हतो. मान वर हुती. पोरगं उठलं. पडदा ओढला. कंबर दाबून बघितली, लघवी तपासली, फोटो काढायला लावला. फोटो उजेडापुढं धरून म्हणालं, "मुतखडा आहे. दुसरं काही नाही." बायकोनं भिताडाला टेकून डोळं मिटलं.

"काम काय करतोस?"

"फौंड्रीत. भट्टीपुढं."

"पाणी किती पितोस?"

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "पाजतील तेवढं."

त्याला कळलं न्हाय. मग सांगितलं. फौंड्रीत रांजण हाय. त्याला आमी हात लावायचा न्हाय. तहान लागली की लांब उकिडवं बसायचं, वंजळ धरायची, आन कुणीतरी वरनं वतायचं. मोकळा असंल त्यो. मनात आलं तर. "आत्ताच प्यालास की रं, म्हैस हाईस व्हय?" हे ऐकून घ्यायचं. म्हणून मी मागायचंच सोडलं. सकाळी घरनं पिऊन जायचं, सांजंला घरी येऊन प्यायचं. मधी भट्टी.

सांगता सांगता माझं मलाच उमगलं. रोग बाईनं दिला नव्हता, उन्हाळ्यानं न्हवं, नशिबानं बी न्हवं. माझ्या पोटातला दगड त्या रांजणाभवती तयार झाला हुता. आन त्याची लाज इतकी वर्सं मी वागवत हुतो.

बायको बघतच ऱ्हायली. "असं पाणी पिता तिथं? आन मला कधी सांगितलं न्हाईसा?"

"काय सांगू? तुझा नवरा वंजळ धरून बसतोय म्हणून?"

ती रडली न्हाय. म्हणाली, "उद्या बसू नका."

दुसऱ्या दिशी भरल्या दुपारी भट्टीपास्नं उठलो. रांजणावरचं झाकण काढलं, तांब्या बुडवला, उभ्यानं प्यालो. परत बुडवला, परत प्यालो. मुकादम धावत आला. "ए, बाटवलंस की सगळं पाणी!"

मी त्याच्या डोळ्यात बघून सांगितलं, "तुमचा इटाळ माझ्या पोटात दगड हुन बसलाय मुकादम. कामावरनं काढायचं तर काढा. पोलिसात द्यायचं तर द्या. पण पाणी आता मी माझ्या हातानं घेणार. आन आडवा येईल त्याला भट्टीपुढं उभं करून इचारणार, तहान लागली का तुला?"