बिअरच्या भिंतीवरचा बैल

तेलगावच्या बिअरच्या दुकानावर जाहिरातीचा बैल रंगवलेला होता. बाटलीवरच्या बैलाला दोन्ही शिंगं होती, भिंतीवरच्याचं डावं अर्धंच. दारूबंदीची पत्रकं वाटणारे आम्ही एका सकाळी तिथं चुना घेऊन गेलो. कानामागे ब्रश खोचलेला म्हातारा पेंटर समोरच्या टपरीवरून धावत आला.

"अक्षरं पुसा की! बैलाला कावून पुसता? त्यानं कुणाला पाजली बे? आमचा मेलेला सोन्या हाय तो. त्याचा दुसरा फोटू न्हाई."

"दारूचा बैल दारूचाच," मी म्हणालो आणि डोळ्यांपासूनच सुरुवात केली.

दुकान आजही जोरात चालतं. पोळ्याला म्हातारा कुंकू घेऊन येतो आणि त्या पांढऱ्या भिंतीवर कपाळाची जागा चाचपत राहतो. ती नेमकी कुठं होती, हे मला अजून आठवतं. सांगायला तोंड नाही.