यशयामावशींचा उपवास

मावशी कौतुक करायच्या, नाही असं नाही. पण ते आपल्याला नीट अंगाला लावून घेऊ देत नसत. "छान," असं म्हणायच्या, आणि आपण जरा खुलायला लागलो की चष्म्यावरून बघत विचारायच्या, "आणि बाकीचे?" टेक्सासमधल्या प्लेनोत आल्यावरचा माझा पहिला मोठा पराक्रम म्हणजे अध्यक्ष या नात्याने पार पाडलेला मराठी मंडळाचा गणेशोत्सव. पंगती कशा वेळेवर उठल्या, मोदक शेवटच्या माणसापर्यंत कसे पुरले, हे मी मावशींना तिथेच हॉलमध्ये रंगवून सांगितलं. "छान. आणि बाकीचे?" मला कळेना, बाकीचे कोण? मावशींनी हॉलच्या मागच्या दाराकडे बोट दाखवलं. अर्विंगच्या हॉटेलातून आलेले आमचे आचारी पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर बसून बर्गर खात होते. त्यांच्या पानाचा विचारच कोणी केला नव्हता. पुढच्या वर्षीपासून आचाऱ्यांची पंगत पहिली बसायला लागली आणि ही सुधारणा मी माझ्या भाषणात माझीच म्हणून सांगायला लागलो.

मावशी अलिबागकडच्या. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. पेणच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झाल्या आणि लेकीपाठोपाठ अमेरिकेत आल्या. लेक नोकरीसाठी पुढे पार्सिपनीला गेली, पण मावशी हलल्या नाहीत. प्लेनोच्या जुन्या भागात, रेल्वे स्टेशनजवळच्या एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये एकट्या राहायच्या. इथे रेल्वे आहे हे आमच्यापैकी निम्म्या लोकांना मावशींमुळे कळलं. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणायलासुद्धा सात आसनी गाडी काढणारी माणसं. मावशी मात्र हातात कापडी पिशवी घेऊन स्टेशनवर उभ्या असायच्या आणि डब्यात शेजारी बसेल त्याची चौकशी करायच्या, मग त्याला मराठी येवो न येवो.

रविवारच्या मराठी शाळेत त्या मुलांना गोष्टी सांगत. शिवाजीमहाराजांच्या सांगत, बिरबलाच्या सांगत, आणि मधूनच यशयाच्या सांगत. हा यशया म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचा ज्यूंचा संदेष्टा. मावशी मात्र त्याच्याबद्दल अशा बोलायच्या, की तो अलिबागला त्यांच्या आळीत राहत असावा आणि सकाळ-संध्याकाळ लोकांना टोकत फिरत असावा. "यशयाने आपल्या पोराचं नाव एवढं लांबलचक ठेवलं होतं," त्या सांगत, "की त्याच्यापुढे तुमचं पुरुषोत्तम म्हणजे लाडाचं नाव." इथल्या शाळेत रोज आपल्या नावाची मोडतोड ऐकणारी आमची पोरं त्यावर खूश होत. "पुअर किड!" असं म्हणून आमच्या चिरंजीवांनी तर यशयाच्या मुलाबद्दल जाहीर सहानुभूती व्यक्त केली होती. तेव्हापासून त्या सगळ्यांच्या यशयामावशी झाल्या.

आता माझ्या उपवासांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ते मी न विचारता सगळ्यांना सांगतोच. पुण्याला असताना मी कधी एकादशीसुद्धा केली नव्हती. पण चाळिशी ओलांडली, कोलेस्टेरॉलने डोकं वर काढलं आणि मी फोनवर उपवासाचं एक ॲप घेतलं. किती तास जेवलो नाही हे ते दाखवतं आणि शेवटी फुगे सोडतं. पाठोपाठ मी नवरात्राचे नऊ दिवसही धरायला लागलो, म्हणजे देवी आणि डॉक्टर दोघांनाही एकाच खर्चात खूश करता येतं. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर केळ्याचं शिकरण. एका नवरात्रात माझं वजन वाढलं तेव्हा मी ॲपमध्ये काहीतरी बिघाड आहे अशी तक्रार केली. मावशींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. "छान," त्या म्हणाल्या होत्या. पुढचं त्या बोलल्या नाहीत. उपवासाला बाकीचे कोण असणार, असं म्हणून मी निर्धास्त होतो.

मग एका वर्षी आमच्या भागात नोकरकपातीची लाट आली. मंडळातल्या बऱ्याच जणांना झळ लागली. त्यातला एक नागपूरचा सागर. बायको ऋतुजा, चालायला नुकतीच लागलेली मुलगी, आणि व्हिसा असा, की ठरलेल्या मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही तर सामान आवरून परत जायचं. अध्यक्ष म्हणून मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी तातडीने कमिटी बोलावली आणि एक ऑनलाइन परिसंवाद ठरवला. विषय, 'नोकरी गेल्यानंतर: संकट की संधी?' पोस्टर मी स्वतः केलं. त्यात उगवता सूर्य होता. आणि ज्याच्यावर प्रसंग आलाय त्याचाही आवाज ऐकू यावा म्हणून सागरला वक्त्यांमध्ये घेतलं. माझ्या मते याहून जास्त कोणी काय करणार?

नवरात्राच्या नवमीला मावशींचाही उपवास आहे असं बायको बोलता बोलता म्हणाली. वर्षातला त्यांचा सगळ्यात मोठा दिवस. त्यांच्या आणि आपल्या तिथ्या चंद्रावरच चालतात, त्यामुळे बऱ्याच वर्षी हे दोन उपवास एकमेकांच्या आसपास येतात. मला भरून आलं. एकटी म्हातारी बाई, परका देश, आणि उपवासाचं करून घालायला कोणी नाही! मी मोठा डबा भरून साबुदाण्याची खिचडी घेतली, वरून खोबरं-कोथिंबीर पेरली, दह्याची वाटी घेतली आणि दुपारी मावशींच्या दारात उभा राहिलो.

बेल वाजवली, दार उघडेना. पुन्हा वाजवली. मग मी दार ठोठावलं आणि मोठ्याने हाका मारायला लागलो. समोरच्या गोऱ्या आजींनी दार किलकिलं करून माझ्याकडे आणि माझ्या डब्याकडे संशयाने पाहिलं. मावशींना चक्कर आली असणार, पोलिसांना बोलवावं का, असं मनात येतंय तोवर दार उघडलं. पांढरं स्वच्छ लुगडं, डोक्यावर पदर, चेहरा थकलेला.

"अध्यक्ष, आज आमची दारफाळणी," त्या म्हणाल्या. "आज दारं लावून घरात बसायचं असतं. कोणाकडे जायचं नाही, कोणी यायचं नाही. वर्षभर काय केलं त्याचा देवासमोर विचार करायचा."

"हो, पण उपवास आहे ना तुमचा? खिचडी आणलीय."

"अरे, माझ्या उपवासाला पाणीसुद्धा चालत नाही."

"पाणी नाही, पण साबुदाणा चालत असेल की!"

मावशी दाराला धरून इतक्या हसल्या, की मलाच वाटलं यांचा उपवास मोडतो की काय. दही घरचं आहे, हे मी तरीही सांगितलंच.

हसू ओसरल्यावर मावशी दारातच टेकल्या. मला आत बोलावलं नाही. "आज आमच्यात काय वाचतात माहितेय?" त्यांनी विचारलं. "यशयाचंच वाचतात. लोक देवाकडे तक्रार घेऊन गेले. आम्ही एवढे उपवास करतो, तुझं लक्षच नाही. यशया भडकला. म्हणाला, उपवासाच्या दिवशीसुद्धा तुमचे धंदे चालू, भांडणं चालू, राबणाऱ्यांना राबवणं चालू. लव्हाळ्यासारखी मान खाली घातली की झाला वाटतं उपवास? देवाला हवा असलेला उपवास वेगळाच. जखडलेल्याला सोडवा, आपल्या ताटातलं दुसऱ्याला वाढा, ज्याला घर नाही त्याला घरात घ्या. ऐन उपवासाच्या दिवशी आम्हाला हे ऐकवतात बघ. पोटात कावळे ओरडत असतात, झोपही लागत नाही, ऐकावंच लागतं."

मी लव्हाळ्यासारखी मान खाली घातली होती ती पटकन वर केली.

"सागरला आजच जागा सोडायचीय," मावशी म्हणाल्या. "स्वयंपाकघर बांधून ठेवलंय पोरांनी. ही खिचडी तिकडे ने."

"मला काहीच बोलला नाही तो."

"तू विचारलंस?"

"मावशी, मी त्याला पॅनेलवर घेतलंय!"

"छान," मावशी म्हणाल्या. यावेळी पुढचा प्रश्न त्यांनी वेगळा विचारला. "तुझी दोन्ही मुलं कॉलेजला गेली. वरच्या खोल्यांत कोण राहतं रे आता?"

एका खोलीत मोठा टीव्ही राहतो, असं मी सांगणार होतो. दुसऱ्या खोलीत व्यायामाची सायकल राहते आणि तिच्यावर माझे शर्ट वाळतात. पण त्या पांढऱ्या लुगड्यापुढे हे बोलायला जीभ रेटेना. निघताना मावशी मागून म्हणाल्या, "फक्त रागावण्यापुरता नव्हता रे यशया. पुढे म्हणतो, एवढं केलंत तर पहाट फुटावी तसा तुमचा उजेड पडेल, पाणी पाजलेल्या बागेसारखे व्हाल. मी दरवर्षी त्या बागेपर्यंत पोचायची वाट बघते." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सागर अर्विंगला राहायचा. तिथपर्यंत हायवेवर मी स्वतःशी जोरदार वाद घातला. आमच्या सोसायटीचे नियम काय म्हणतात? त्यांनाच अवघडल्यासारखं झालं तर? आणि माझी पाठ दुखते, तर मला ती सायकल लागते. शेवटी बायकोला गाडीतून फोन लावला आणि फार नाजूक विषय असल्यासारखी प्रस्तावना केली. तिने ती अर्ध्यात तोडली. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, त्यांना इकडे आण म्हणून. तू पॅनेल-पॅनेल करत होतास. ये घेऊन. आणि आल्यावर ती सायकल आधी बाहेर काढ."

सागरच्या घरात खोकी रचलेली होती. गादी भिंतीला टेकवून उभी होती आणि तिच्या आडोशाला पोरगी झोपली होती. रात्री स्वस्तातल्या मोटेलवर जायचं, पुढचं नंतर बघू, असा त्यांचा बेत होता. मला दारात बघून सागर गडबडला. शर्ट नीट करत म्हणाला, "सर, पॅनेलचं टायमिंग चेंज झालं का? मी जॉइन करतो, काही प्रॉब्लेम नाही. तिथे वायफाय असेल."

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. डबा हातात असतानाच माझे डोळे भरून आले. अध्यक्ष म्हणून मी केलेली सगळी भाषणं त्या ओक्याबोक्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसली. "पॅनेल कॅन्सल केलं," मी म्हणालो. "घरी चला." सागर नाही म्हणत राहिला, मी चला म्हणत राहिलो. शेवटी ऋतुजा एकदम खाली बसली आणि रडायला लागली. मग आम्ही खोक्यांवर बसून खिचडी खाल्ली. जास्त मीच खाल्ली, कारण माझा उपवास होता.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मला गाडी घेऊन बोलावलं. दारफाळणीचा दुसरा दिवस म्हणजे त्यांचा शिळा सण. आदल्या दिवशी लावलेली दारं उघडायची, माणसांना भेटायचं, दानधर्म करायचा. नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा घेऊन त्या आमच्याकडे आल्या. जिन्याला धरत धरत वर गेल्या. सायकलच्या जागी ऋतुजाने मुलीची गादी घातली होती. मी शेजारी उभा राहून, बक्षीस समारंभाला उभं राहतात तसा वाट बघत होतो.

"छान," मावशी म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"आणि बाकीचे?" मीच म्हणून टाकलं. मावशींनी माझ्या तोंडात हलव्याची वडी घातली.

सागरला मुदत संपायच्या आत एका लहान कंपनीत नोकरी मिळाली. त्याची मुलगी आमच्या अंगणातल्या पाण्याच्या फवाऱ्यात धावायला शिकली. टेक्सासच्या उन्हात माझी हिरवळ कधीच जगत नाही, पण मावशी खुर्ची टाकून ती धावपळ बघत बसायच्या आणि म्हणायच्या, "एवढी बाग पुरे आहे मला." सागर वेगळ्या घरी राहायला गेला, खोल्या पुन्हा रिकाम्या झाल्या, आणि सायकल गुपचूप वर आपल्या जागी जाऊन बसली.

मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटलो तेव्हा मी म्हणालो, "मावशी, यंदा मी तुमचा उपवास धरणार. पाणीसुद्धा नाही." त्यांना बोलायला त्रास होत होता, तरी म्हणाल्या, "झेपणार नाही तुला. दुपारी पडशील कुठेतरी. तू आपली खिचडीच कर." माझ्यावरचा त्यांचा विश्वास शेवटपर्यंत असा ठाम होता.

यंदा त्यांचा दिवस आला तेव्हा मी हट्टाने उपवास धरला. पांढरा सदरा घातला, दार लावलं, फोन बंद करून कपाटात ठेवला, त्यामुळे शेवटी फुगेही सुटणार नव्हते. देवासमोर वर्षाचा विचार करायला बसलो, पण अकरा वाजल्यापासून मला फक्त साबुदाणा दिसत होता. मावशी असत्या तर त्यांना हे सांगून हसवता आलं असतं, या विचाराने मात्र जीव खरोखर कासावीस झाला. दुपारी बेल वाजली. उघडायचं नाही असं ठरवलं होतं. पुन्हा वाजली, आणि मग कोणीतरी दार ठोठावत हाका मारायला लागलं.

दारात सागर उभा होता, हातात डबा. "काका, उपवास आहे ना तुमचा?" आता तो मला सर म्हणत नाही. "ऋतुजाने खिचडी केलीय." मग तो जरासा बाजूला झाला. मागे आमच्या वाळक्या हिरवळीवर मला अनोळखी असलेलं एक तरुण जोडपं दोन मोठ्या बॅगा घेऊन, मान खाली घालून उभं होतं.

मी दार पुरतं उघडलं. "आत या," मी म्हणालो, "पण आधी वरच्या खोलीतली सायकल बाहेर काढायला हात लावा. माझ्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नाही."